चालीमागचे गाणे : मराठी संगीत रंगभूमीवरील गतकालीन गीतांचा विचार

संगीत नाटकाची जुनी छापील प्रत उघडली की पदांच्या माथ्यावर लहान टाइपात एक ओळ आढळते. त्या ओळीत रागाचे नाव असते, तालाचे असते आणि पुष्कळदा 'चाल' असा शब्द देऊन पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे आरंभीचे दोनतीन शब्द दिलेले असतात. हे दुसरे गाणे नाटकात कोठेही येत नाही. ते कोणाचे, कोणत्या भाषेतले, कोणत्या प्रसंगी गायले जाई, याचा खुलासा नाटककार करीत नाही. गाणाऱ्या नटाला आणि ऐकणाऱ्या प्रेक्षकाला ते ठाऊक आहे असे त्याने गृहीत धरलेले असते. आज ते ठाऊक असलेला वाचक विरळा. परिणामी वर्गात नाट्यपदे शिकविताना ही ओळ ओलांडून थेट पदाच्या शब्दांकडे वळण्याचा प्रघात पडला आहे. पद ही एक छोटी कविता समजून तिच्यातील कल्पना, अलंकार आणि रस यांची चर्चा होते आणि बहुतेक वेळा 'काव्यदृष्ट्या सामान्य' असा निकाल देऊन विषय संपतो. या निकालात एक अन्याय आहे आणि तो दुहेरी आहे. एक, ज्या अटीखाली पद रचले गेले ती अटच विचारातून निसटते. दुसरे, ते मागचे गाणे ज्यांच्या कंठात होते त्यांची रंगभूमीवर उरलेली एकुलती एक नोंद वाचलीच जात नाही. प्रस्तुत लेखात या नोंदीच्या आधारे, गतकालीन लोकप्रिय गीतांवर उभ्या राहिलेल्या मराठी रंगभूमीचा विचार करावयाचा आहे.

आधीच लोकप्रिय झालेली गाणी घेऊन त्यांभोवती नाटक रचणे हा प्रकार अलीकडे 'ज्यूकबॉक्स म्युझिकल' या नावाने ओळखला जातो. १९९९ साली लंडनमध्ये आलेले, 'अ‍ॅबा' या स्वीडिश गायकवृंदाच्या गाण्यांवर बेतलेले 'मामा मिया!' हे त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. गाणी आधी, गोष्ट मागाहून, हे या प्रकाराचे सूत्र. ते आधुनिक व्यापारी बुद्धीचे अपत्य आहे असे सर्रास मानले जाते. परंतु जॉन गे याचे 'द बेगर्स ऑपेरा' हे नाटक २९ जानेवारी १७२८ रोजी लंडनमध्ये आले तेव्हा त्यातील ६९ गाणी त्या काळी रस्तोरस्ती आणि घरोघरी गायल्या जाणाऱ्या चालींवरच बेतलेली होती. गे याने शब्द मात्र नवे लिहिले. म्हणजे या व्यवहारात मुळातच दोन भिन्न पद्धती आहेत : चाल जुनी व शब्द नवे ही एक, आणि चाल व शब्द दोन्ही जुने ही दुसरी. मराठी रंगभूमीने पहिल्या पद्धतीने आरंभ केला आणि सुमारे शंभर वर्षांनी ती दुसरीकडे वळली. या वळणावर काय मिळाले आणि काय गमावले, हा खरा प्रश्न.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला आणि 'सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले. एकट्या 'सौभद्रा'तील पदांची संख्या शंभराच्या पुढे जाते. एवढ्या पदांना स्वतंत्र स्वररचना करणारा संगीतकार त्या काळी अस्तित्वातच नव्हता. 'संगीत दिग्दर्शक' हा शब्दही नव्हता. किर्लोस्करांनी ती रचली भोवतालच्या गाण्यांवर. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत ही वृत्ते त्यांना आख्यानकाव्यातून आणि कीर्तनातून मिळाली. लावणीच्या चाली तमाशातून आणि बैठकीतून आल्या. गुर्लहोसूरच्या या गृहस्थाला कानडी मुलखातील गाणी लहानपणापासून परिचित होती, तीही आली. रागदारीतील चिजा आल्या. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या 'सीतास्वयंवरा'पासून चालत आलेल्या नाट्यपद्धतीत सूत्रधार सर्वांच्या वतीने गात असे. आता प्रत्येक पात्र स्वतःचे गाणे स्वतः गाऊ लागले. पात्राच्या तोंडी गाणे घालायचे तर ते त्या पात्राच्या स्वभावाला आणि प्रसंगाला साजेसे हवे, हा प्रश्न येथे प्रथम उद्भवला आणि किर्लोस्करांनी त्याचे उत्तर चालीच्या निवडीतून दिले.

हे उत्तर किती सूक्ष्म होते याची कल्पना 'सौभद्र' केवळ वाचून येत नाही. नारद कीर्तनकाराच्या वळणाने गातो. त्यामुळे तो प्रेक्षकाला देवर्षी वाटण्याआधी गावच्या देवळातला परिचित बुवा वाटतो आणि कळ लावणाऱ्या या मुनीचे मिस्कीलपण कीर्तनाच्या परिचित आवाजातच उमटते. सुभद्रेची घालमेल, कृष्ण-रुक्मिणीचे लाडिक भांडण, बलरामाचा ताठा, त्रिदंडी संन्याशाच्या वेषातील अर्जुनाची फजिती या सर्वांना एकोणिसाव्या शतकातील एकत्र कुटुंबाचा जो वास येतो, तो संवादांइतकाच चालींमुळे येतो. द्वारकेच्या राजवाड्यात वाड्यातली, देवळातली आणि फडावरची गाणी शिरली, आणि पुराणातील माणसे शेजारघरची होऊन बसली. पौराणिक कथेला घरगुती करण्याचे श्रेय समीक्षकांनी किर्लोस्करांच्या भाषेला दिले आहे, ते योग्यच आहे. पण त्या श्रेयात चालींचा वाटा मोठा आहे, आणि तो भाषेच्या अभ्यासकाला दिसत नाही कारण तो कागदावर केवळ त्या माथ्यावरच्या ओळीपुरता उरला आहे.

लावणीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. पेशवाईच्या अखेरच्या काळात भरभराटीला आलेली लावणी नवशिक्षित पांढरपेशा वर्गाच्या दृष्टीने १८८० पर्यंत असभ्य ठरली होती. पत्नीला आणि मुलींना घेऊन तमाशाला जाणे या वर्गाला शक्य नव्हते. त्याच लावणीची चाल कुलीन नायिकेच्या तोंडी, नव्या शुद्ध शब्दांसह, थिएटरात ऐकायला मिळू लागली. भाऊराव कोल्हटकरांच्या गाण्यावर लावणीचा ठसा होता असे सांगितले जाते, आणि त्यांच्यावर लोक लुब्ध झाले त्यामागे हे एक कारण असणारच. जुने शब्द बाजूला सरले, जुना आनंद राहिला. या देवघेवीत लाभ कोणाचा झाला हे उघड आहे. फडावर ती लावणी गाणारी स्त्री मात्र फडावरच राहिली. तिची चाल पुढे गेली आणि ती चाल स्त्रीवेषातील पुरुष गाऊ लागला.

येथे गे आणि किर्लोस्कर यांच्यातील फरक लक्षात घेणे उपयुक्त ठरेल. गे याला जुने शब्द प्रेक्षकाच्या मनात जागे राहायला हवे होते. चोर, दलाल आणि वेश्या एखादी गोड प्रेमगीताची चाल गाऊ लागल्या की मूळ शब्द आठवून ऐकणारा हसावा आणि हसता हसता सत्ताधाऱ्यांनाही त्याच मापाने मोजू लागावा, ही त्याची योजना. चाल आणि शब्द यांच्यातील विसंगती हेच त्याचे शस्त्र होते, आणि ते इतके लागले की या नाटकाचा उत्तरभाग 'पॉली' याच्या प्रयोगास सरकारने मनाई केली. किर्लोस्करांना विसंगती नको होती. त्यांना मूळ गाण्याचा भाव हवा होता, मूळ गाण्याचे स्मरण नको होते. प्रेक्षकाने चाल ओळखावी, तिच्याबरोबर येणारा आर्जवाचा, विरहाचा किंवा थट्टेचा भाव घ्यावा, पण ती जिथून आली तो पत्ता विसरावा. मराठी नाट्यपदाच्या पुढील साऱ्या वाटचालीवर या निवडीची छाया आहे.

किर्लोस्करांनंतरचा काही भाग झपाट्याने ओलांडता येतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'वीरतनया'पासून (१८९६) पारशी-गुजराती रंगभूमीच्या चटकदार चाली आणल्या. त्या काळी त्या नवलाईच्या वाटल्या, आज त्यांचे आकर्षण ऐतिहासिक कुतूहलापुरते आहे. देवलांनी 'शारदे'त (१८९९) साध्या, घरगुती वळणाच्या चाली राखल्या, आणि बालाजरठ विवाहासारख्या विषयाला तेच मानवले. खरे स्थित्यंतर घडले ते १९११ साली.

१२ मार्च १९११ रोजी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. टेंबे यांनी पूरब अंगाच्या ठुमऱ्या, दादरे, कजऱ्या यांचे भांडार मराठी नाटकासाठी खुले केले. नाटकासाठी एका व्यक्तीने जाणीवपूर्वक चाली योजाव्यात, ही प्रथा येथून दृढ झाली असे म्हणता येईल. ही गाणी बनारस, लखनौ, कलकत्ता येथील गायिकांच्या कोठ्यांवर आणि मैफलींत वाढलेली होती. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले आणि त्यानंतरच्या दशकात तबकड्यांमुळे हे गाणे कोठ्याच्या पायऱ्या न चढणाऱ्यांच्याही कानी पडू लागले. 'मानापमाना'चा प्रेक्षक त्या सुरांना अगदीच अपरिचित नव्हता. धनवंताची कन्या भामिनी, म्हणजे बालगंधर्व, ती गाणी मराठी शब्दांत गाऊ लागली आणि महाराष्ट्र वेडावला.

खाडिलकरांच्या पदांची भाषा ओबडधोबड, संस्कृतप्रचुर आणि क्लिष्ट आहे, हा आक्षेप जुना आहे. तो खरा आहे, पण अपुरा आहे. ठुमरीची चाल म्हणजे वृत्त नव्हे. तिच्यात एखादाच स्वर लांबवर रेंगाळतो, एखाद्या ठिकाणी चार अक्षरे एका मात्रेत कोंबावी लागतात. ब्रज किंवा अवधी बोलीतील मऊ, स्वरान्त शब्द तेथे आपसूक बसतात. मराठीचा घाट निराळा. मराठी शब्दाच्या शेवटी अकाराचा उच्चार लोपतो, क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, जोडाक्षरे चालीत अडखळतात. अशा साच्यात शब्द ओतायचे तर दीर्घ स्वरांनी भरलेली, सुटी सुटी पडणारी तत्सम पदावली कामी येते, आणि खाडिलकरांनी तीच वापरली. त्यांच्या गद्यातील धारदार मराठी पदांत आढळत नाही याचे एक कारण येथे आहे. 'चाल' ही ओळ गाळून या पदांचे काव्यमूल्य ठरविणे म्हणजे शिंप्याने दुसऱ्याच्या मापाने शिवलेल्या अंगरख्याला अंगावर नीट बसत नाही म्हणून दोष देण्यासारखे आहे. पद वाचून जोखू नये असे नव्हे. जोखताना माप कोणाचे होते ते विचारावे.

आणि माप कोणाचे होते, या प्रश्नाचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. मूळ ठुमरीतील वाट पाहणारी स्त्री ही केवळ काव्यातील नायिका नव्हती. ती गाणारीच्या जगण्याशी लागून होती. तिचे आर्जव हे तिच्या पेशाचे भांडवलही होते आणि त्यावरचे भाष्यही. भामिनीच्या तोंडी ते आर्जव आले तेव्हा त्यातला पेशा गळला आणि लाडिकपणा राहिला. बालगंधर्वांच्या गळ्याने त्याला जी अपूर्व कोवळीक दिली ती कोणीही नाकारणार नाही. मात्र या सौंदर्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांची नावे जाहिरातीत नव्हती; छापील प्रतीतही नव्हती. तेथे होते ते त्यांच्या गाण्याचे दोनतीन शब्द, तेही चालीची खूण म्हणून. पुढे ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचे 'संयुक्त मानापमान' झाले. कोठ्यावरच्या चाली स्वराज्याच्या कार्याला लागल्या, आणि हा प्रयोग मराठी रंगभूमीच्या आठवणींत अजरामर झाला. त्या आठवणींत चालींच्या मूळ घराचा उल्लेख अपवादानेच येतो.

'स्वयंवरा'त (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींचा आधार घेतला आणि नाट्यपदाला रागसंगीताची प्रतिष्ठा मिळाली. तेथून पदाचा एक वेगळाच प्रवास सुरू झाला. तबकडी, मैफल आणि नंतर आकाशवाणी यांच्या द्वारे पद नाटकातून सुटले. तिसऱ्या-चौथ्या दशकांत बोलपटाने संगीत नाटकाचा प्रेक्षक ओढून नेला, कंपन्या मोडल्या, परंतु पदे घरोघर राहिली. जे गाणे काल दुसऱ्या गाण्याच्या चालीवर जन्मले होते ते आता स्वतःच 'जुने गाणे' झाले. त्याची स्वतःची चाल लोक ओळखू लागले आणि त्यामागचे गाणे पूर्ण विस्मृतीत गेले. 'मत्स्यगंधा' (१९६४) आणि 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) या नाटकांतून पंडित जितेंद्र अभिषेकींनी संगीत नाटकाला पुन्हा उभारी दिली तेव्हा संगीतकाराचे नाव ठळक झाले होते आणि पदाच्या माथ्यावरचा 'चाल' हा शब्द अनावश्यक ठरला होता. संगीतरचनेच्या दृष्टीने ही प्रगतीच. पण तिच्याबरोबर एक विसरही रूढ झाला : मराठी नाट्यसंगीत हे जणू मुळापासून स्वयंभू होते.

चालीवर नवे शब्द बांधण्याची रीत मात्र मेली नव्हती; ती व्यावसायिक नाट्यगृहाबाहेर जिवंत होती. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा सांगाडा आणि चाली घेऊन त्यांत नवा आशय भरला. १९३० नंतरच्या आंबेडकरी जलशांनी तेच केले, आणि वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या कवी-गायकांच्या परंपरेत चित्रपटगीतांच्या चालीही सहज सामावल्या. चाल ही कोणाची मालमत्ता नाही, ती ज्याला उपयोगी पडेल त्याची, हा येथील न्याय आहे. किर्लोस्कर-खाडिलकरांच्या व्यवहाराशी तो वरकरणी सारखा दिसतो. दिशा उलटी आहे. तेथे वंचितांचे गाणे प्रतिष्ठितांच्या मुखी गेले. येथे सर्वांच्या तोंडी असलेले गाणे वंचितांनी आपल्या कामाला लावले.

नाट्यपद हेच जुने लोकप्रिय गीत ठरल्यावर त्याचा नाट्यात्म उपयोग कसा करता येतो याचे सर्वांत बुद्धिमान उदाहरण १९७८ साली पुण्याच्या थिएटर अकादमीने सादर केलेल्या 'तीन पैशाचा तमाशा' या नाटकात आढळते. ब्रेख्टच्या 'थ्री पेनी ऑपेरा'चे हे पु. ल. देशपांडे यांनी केलेले रूपांतर. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. ब्रेख्ट आणि कुर्ट व्हाइल यांचे नाटक १९२८ चे, आणि ते आधारलेले गे याच्या १७२८ च्या नाटकावर. व्हाइलने गे याच्या नाटकातील एक चाल तशीच राखलीही होती. अडीचशे वर्षांनी ही परंपरा मराठीत आली ती योगायोगाने अशा लेखकाच्या हाती, ज्याचे कान बालगंधर्वांच्या गाण्यावर पोसलेले होते. या नाटकाच्या संगीतात नाट्यसंगीताचे वळण, लावणी, भजन आणि पाश्चात्त्य पॉप शेजारी शेजारी येतात. गुन्हेगारांच्या आणि दलालांच्या तोंडी सोज्वळ नाट्यसंगीताचे वळण आले की काय होते? गे याने साधलेला तोच परिणाम : प्रेक्षक आधी हसतो, मग या सोज्वळपणाकडेच संशयाने पाहू लागतो. किर्लोस्करांनी जी विसंगती टाळली तिला मराठी रंगभूमीने शंभर वर्षांनी घरात घेतले. विशेष हे की देशपांडे यांच्या हातून हे घडताना त्या जुन्या गाण्याविषयीचे प्रेम उणावलेले नाही. विडंबन करणाऱ्याला मूळ वस्तू प्राणप्रिय असावी, तरच ते लागते.

दुसरी पद्धत, म्हणजे चाल आणि शब्द दोन्ही जुने ठेवून प्रयोग रचणे, ही मराठीत स्थिरावली ती साधारणपणे याच्या पुढच्या काळात. शाहीर साबळे (१९२३–२०१५) यांची 'महाराष्ट्राची लोकधारा' आणि त्यानंतर अशोक हांडे यांचे 'मंगलगाणी दंगलगाणी', 'मराठी बाणा' इत्यादी कार्यक्रम ही ठळक उदाहरणे. यांना नाटक म्हणावे काय, हा वाद निष्फळ आहे. नेपथ्य, वेषभूषा, नृत्य, निवेदन आणि मोठा गायकवृंद यांमुळे ती रंगभूमीवरील संगीतरचना आहेत हे मान्य करावे लागते. लोकगीते, भक्तिगीते आणि चित्रपटगीते यांचा एवढा साठा एका रात्रीत, प्रत्यक्ष वाद्यमेळासह ऐकविण्याचे कार्य त्यांनी केले, आणि ज्यांच्या घरी ही गाणी राहिली नव्हती त्यांना ती परत दिली. २०१६ साली मुंबईत आलेले फिरोज अब्बास खान दिग्दर्शित 'मुघल-ए-आझम' याच जातीचे. १९६० च्या चित्रपटातील नौशाद यांची गाणी तेथे अभिनेत्री रंगमंचावर प्रत्यक्ष गात.

या पद्धतीची मर्यादा कोठे आहे हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ठाण्याहून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील काल्हेर, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यातील आगरी समाजात, आणि तसाच रायगडपर्यंत, 'धवला' हा गीतप्रकार परंपरेने चालत आला आहे. तो गाते धवलारीण. मांडवापासून लग्न लागेपर्यंतच्या विधींना तिचे गाणे सोबत करते. ब्राह्मण पुरोहिताचा प्रवेश होण्यापूर्वी लग्न लावण्याचा अधिकारच तिचा होता. धवल्याची चाल ठरलेली. नवरा-नवरीची आणि घराण्याची नावे त्या त्या वेळी गुंफली जातात. म्हणजे किर्लोस्करांची रीत येथे शास्त्रार्थ न होता शतकानुशतके चालत आलेली आहे. असा धवला लोकगीतांच्या कार्यक्रमात रंगमंचावर येतो तेव्हा त्याला चारपाच मिनिटे मिळतात, वेषभूषा मिळते, टाळ्या मिळतात. नवरी मात्र कोणाचीच नसते. गाणे राहते, गाण्याचे काम जाते. आणि धवलारणीच्या जागी सुरेल गायिका येते, जिला कोणाचेही लग्न लावावयाचे नसते. गोदामांनी वेढलेल्या या गावांतील हळदीच्या रात्री आता ध्वनिवर्धकावर मुद्रित आगरी-कोळी गीते वाजतात. तेव्हा रंगमंचावरचा धवला ऐकून कोणा वृद्धेचे डोळे पाणावले तर त्याला खोटे म्हणता येणार नाही. पण तो आनंद ओळख पटल्याचा आहे. ओळख पटल्यावर पुढे काय, हा प्रश्न ज्याने नाटक सुरू होते, तो तेथे विचारला जात नाही. 'मामा मिया!'सारख्या प्रयोगांविषयी पाश्चात्त्य समीक्षकांनी केलेली तक्रारही हीच आहे : गोष्ट वाकते, गाणे वाकत नाही.

जुने शब्द तसेच ठेवूनही गाणे नाटकाच्या कामी येते, असे एक जुने उदाहरण मराठीत आहे. १९३१ साली गंधर्व नाटक मंडळीने ना. वि. कुलकर्णी यांचे 'संत कान्होपात्रा' सादर केले. संगीत मास्टर कृष्णराव यांचे. त्यात कान्होपात्रेच्या नावाने प्रसिद्ध असलेले अभंग तिच्याच तोंडी येतात. येथे चाली नव्या आणि शब्द जुने, म्हणजे किर्लोस्करी रीतीच्या नेमके उलट. मंगळवेढ्याच्या गणिकेची ही मुलगी राजसत्तेची मागणी झुगारून पंढरपुरास विठ्ठलाला शरण जाते, त्या शरणागतीचे शब्द तिचेच आहेत. प्रेक्षकांना ते पाठ होते. तरीही ते नाटकात जड झाले नाहीत, कारण ज्या संकटातून ते उद्भवले ते संकट समोर घडत होते. कोठ्यावरून चाली आणणाऱ्या बालगंधर्वांनी अखेर एका गणिकाकन्येला तिचे शब्द तिच्या नावानिशी दिले, यात काही काव्यगत न्याय पाहायचा असेल तर पाहावा.

हाच धागा अलीकडच्या एका प्रयोगात अधिक थेटपणे हाती घेतलेला दिसतो. भूषण कोरगांवकर यांचे 'संगीत बारी' हे पुस्तक २०१४ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच्या आधारे सावित्री मेधातुल यांनी त्याच नावाचा रंगमंचीय प्रयोग उभा केला. संगीत बारी म्हणजे ढोलकी फडाहून निराळी, थिएटरांत राहून बैठकीसाठी लावणी सादर करणाऱ्या स्त्रियांची परंपरा. प्रयोगात निवेदन आणि लावण्या आलटून पालटून येतात; गाणी बहुतांशी पारंपरिक, जुनी. पण ती सादर करतात शकुंतलाबाई नगरकर आणि मोहनाबाई महाळंग्रेकर यांच्यासारख्या, त्या परंपरेतच आयुष्य घालविलेल्या स्त्रिया. बैठकीच्या लावणीत अदाकारीला प्राधान्य असते; तीच ओळ पुनःपुन्हा घोळवून प्रत्येक वेळी निराळा भाव दाखवावयाचा असतो. कोणत्या बैठकीत, कोणापुढे, किती मोबदल्यात हे भाव दाखविले जात, ही माहिती निवेदनातून मिळाल्यावर तीच ओळ प्रेक्षक वेगळ्या कानांनी ऐकतो. प्रेक्षागृहात बहुधा तोच मध्यमवर्ग बसलेला असतो, ज्याच्या पणजोबांनी लावणी 'सौभद्रा'च्या शब्दांत ऐकली. आता शब्द मूळचे आहेत, गाणारी मूळची आहे, आणि ती नटाच्या आड उभी नाही. या प्रयोगात कथानक नाही. तरी नाट्य आहे, कारण गाणे कोणाचे हा प्रश्न प्रत्येक लावणीबरोबर पुन्हा उभा राहतो.

एक व्यावहारिक बाब येथे नोंदवणे आवश्यक आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार गीतकार व संगीतकार यांचे हक्क आज त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात. ज्यांची नावे नोंदली गेली त्यांनाच हे संरक्षण लाभते. खाडिलकर १९४८ साली आणि टेंबे १९५५ साली निवर्तले. त्यांच्या रचना आता सर्वांना मुक्त आहेत, आणि जानेवारी २०२५ मध्ये पडद्यावर आलेल्या 'संगीत मानापमान' या चित्रपटाने त्या परंपरेवर आपला हक्क सांगितला. ठुमरी रचणाऱ्या वा गाजविणाऱ्या बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत असा कालावधी मोजायला आरंभबिंदूच नाही. त्यांच्यापुरती नोंद म्हणजे पदाच्या माथ्यावरची ती ओळ.

ही ओळ वाचण्याचे काम संगीतज्ञांवर सोपवून साहित्याच्या अभ्यासकाला मोकळे होता येणार नाही. कारण ती शब्दांत लिहिलेली आहे आणि शब्दांच्या घडणीचे कारण सांगते. जुन्या आवृत्त्यांतील चालींचे निर्देश एकत्र करून, उपलब्ध तबकड्या, बंदिशींचे संग्रह आणि लावण्यांच्या बाडांशी ते ताडून पाहिले तर 'सौभद्र', 'शारदा', 'मानापमान' यांच्या पदांचा एक निराळा पाठ सिद्ध होऊ शकेल, ज्यात प्रत्येक पदाशेजारी त्यामागचे गाणे छापलेले असेल. त्यासाठी लागणारी जाणकार माणसे अद्याप आहेत. त्यांतील काही नाट्यसंगीताच्या मैफलींत सापडतील, काही उत्तरेकडील घराण्यांत, आणि काही मोडनिंब-चौफुल्याच्या थिएटरांत.